अंथरूण पाहून

माझा धाकटा भाऊ एका रात्रीत मोठा झाला,
त्याचा आळ मी अजून त्या चादरीवरच घेते.
कारखान्यातून सेकंडमध्ये आणलेली, मोरांची.
त्यात एका मोराला डोळा नाही, धोटा चुकला असणार,
डोळ्याच्या जागी भोक.
श्रीहरी त्या भोकात बोट घालून झोपायचा.

त्या रात्री अम्मा विड्या देऊन आली होती.
हजारातले पाच कट्टे चेकरने छाट म्हणून काढले,
परत दिले नाहीत, पैसेही नाहीत.
श्रीहरी म्हणाला, मोठा झालो की बघतोच त्याला.
अम्मा म्हणाली, झालास की बघ.
आता अंथरूण पाहून पाय पसर.

सकाळी पाय चादरीबाहेर.
गुडघ्यापासून पुढे. केसांसकट.
"अक्का," एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात त्या आवाजात तो म्हणाला,
"तोंडाला मुंग्या चिकटल्यात."
मग तोंडात जीभ फिरवली आणि भोकाड पसरलं:
हलणारा दात गेला, तिथे नवा, घट्ट,
दात पडल्यावर मिळणारा रुपया बुडाला.

खुंटीवर वडिलांचा शर्ट होता.
वडील भिवंडीत, मागावर, दिवाळीपासून.
शर्ट बसला.
अम्मा मांडीवरचं सूप न काढता बघत राहिली,
मग उठली आणि एक घर चुकलेली गुंडी नीट लावली.
"ढोपरावरची खपली दाखव," एवढंच म्हणाली.
होती. तीही मोठी झाली होती.

अशोक चौकात रिक्षावाला त्याला मालक म्हणाला.
मालक गटाराच्या झाकणांवर लंगडी घालत चालले होते.
समोरून बिराजदार बाई आल्या,
हा जागीच ताठ, हात मागे.
"आपण पालक का?"
"नाही बाई, मला पालक आवडत नाही."
मी त्याला शर्टाला धरून ओढत नेला.

विडी कारखान्याच्या खिडकीत
चेकर मान वर न करता म्हणाला, पस्तीस.
श्रीहरीने टोपली पालथी केली.
बोटं मोडत, मोठ्यांदा, पाढ्याला डोलतात तसा डोलत
एक कट्टा, दोन कट्टे,
मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा चुकला.
रांगेतल्या बाया आधी हसल्या,
मग एकीने त्याच्याबरोबर म्हणायला घेतलं, मग सगळ्यांनीच,
तेलुगूत, कानडीत, मराठीत.
चाळीस तीन भाषांत एकदम झाले.
चेकरने चष्मा पुसला. "साहेब, आपण युनियनचे?"
"मी तिसरी ब."
त्याला यातून काय कळलं कोण जाणे,
चाळीसचे पैसे मोजून दिले.
कालच्या पाचांचे नाही. ते कधीच नाही.

रात्री तो मांडीत मावेना.
पाय दारात, फक्त डोकं अम्माच्या मांडीवर, सुपाच्या जागी.
तंबाखूच्या वासाची बोटं केसांतून फिरत होती.
"जड झालो?"
"डोकं तेवढंच आहे रे. गप झोप."
बऱ्याच वेळाने: "अम्मा, मोठ्यांना भीती वाटली
तर ते कुणाला सांगतात?"
ती बोलली नाही. चादर ओढली.
पाय झाकावे तर खांदे उघडे, खांदे झाकावे तर पाय.
शेवटी पायांवर स्वतःची साडी टाकली.

उजाडलं तेव्हा शर्टाच्या तंबूत
तिसरी ब पालथी झोपली होती,
उशीवर दात, आणि बोट मोराच्या डोळ्यात.
वडिलांना हे पत्रात लिहिलं. त्यांनी उलट विचारलं,
शर्ट धुतला का?

परवा आला तो पुण्याहून. चाळीस पूर्ण.
चादर तीच मागितली.
सकाळी बघते तर पाय बाहेर, गुडघ्यापासून.
"काय बे," मी म्हटलं, "आज कोण उठलंय?"
त्याने तोंडात जीभ फिरवली,
जरा वेळ विचार केला.
"अक्का," म्हणाला, "दात हलतोय."